फ्लॉपीतला हात

अध्यक्षस्थानी बसलेले आप्पा, समोर बसलेल्या जनामावशी, आणि मास्तरांसाठी आजची पाळी बुडवून आलेले माझे भाऊ आणि बहिणी.

मला भाषण येत नाही. आप्पांनी नाव पुकारलं म्हणून उभी आहे. माझ्याआधी तिघं बोलले, तिघांचेही डोळे भरून आले. माझे आले नाहीत. मास्तर जाऊन आज दहा दिवस झाले, अजून मी नीट रडलेले नाही. रडायला बसले की राग येतो. तेव्हा आधीच सांगते, माझ्याकडून गोड ऐकायला मिळणार नाही. ज्यांना ते सोसणार नाही त्यांनी खुशाल बाहेर जाऊन चहा घ्यावा.

मी शोभा. इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. निंबा मास्तरांच्या टेबलावर मी सात वर्षं फिलिंगचं काम केलं. फिलिंग म्हणजे काय, ते मिलवाल्या भावांसाठी सांगते. मास्तर कागदावर साडीचं डिझाइन काढायचे, फुलं, वेल, काठ. त्यांच्या रेघेच्या आत रंग भरायचा, तो मी भरायचे. रेघेबाहेर जायचं नाही आणि रेघ आपली म्हणायची नाही, एवढंच ते काम.

मास्तर अमळनेरकडचे. गावात दुकानांच्या पाट्या रंगवायचे, बैलगाडीवर मालकाचं नाव काढायचे. सुरतेत आले ते लूमवर. वर्षभर लूम चालवला आणि एक दिवस मशीनच्या पत्र्यावर खडूनं मोगऱ्याची फांदी काढली. मुकादम ओरडायला आला आणि फांदी बघत उभा राहिला. तिथून ते डिझाइनच्या कामाला लागले. मग वीस वर्षं नवागामातल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. प्लेगच्या वर्षी अर्धी गल्ली बिऱ्हाड बांधून गावाला गेली, तेव्हाही मास्तर तोंडाला रुमाल बांधून टेबलावर बसलेले. जनामावशी नवऱ्याला म्हणाल्या, चला. हे म्हणाले, एवढी वेल पुरी होऊ दे. मावशी अजून त्यावरून त्यांना शिव्या घालतात. काल रात्रीपर्यंत घालत होत्या.

त्यांचा फटकारा तुम्ही पाहिलाय का? ज्यांनी पाहिलाय त्यांनी पाहिलाय. ब्रश रंगात बुडवायचा, वर्तमानपत्रावर टिपून अर्धा कोरडा करायचा. मग कागदावर दाबायचा, मनगट वळवायचं आणि उचलायचा. एका दमात पाकळी. देठाशी गडद, मध्ये फिकट, आणि टोकाला जाईतो रंग संपलेला. नुसते केसांचे ओरखडे उरायचे. टोक कोरडं. मास्तरांची पाकळी टोकाला कोरडी असायची, हे ध्यानात ठेवा.

मी जेवणाच्या सुट्टीत जुन्या पेपरवर तसं काढून बघायचे. मास्तर डबा खाता खाता बघायचे आणि म्हणायचे, "पोरी, तुन्हं मनगट घाबरस." माझं मनगट घाबरतं. खरं होतं ते. मला ब्रश वेळेवर उचलता यायचा नाही. उचलायला अर्धा क्षण उशीर व्हायचा आणि पाकळीच्या टोकाला रंगाचा थेंब साचायचा. दर वेळी. सात वर्षं प्रयत्न केला, तो थेंब गेला नाही. मास्तर हसायचे. "शेपूट परत ओलं ऱ्हायनं."

आता विलासशेठबद्दल बोलते.

विलासशेठ पुढच्या रांगेत बसलेत. ह्या खुर्च्या त्यांनी पाठवल्या, हा माइक त्यांचा, हार सगळ्यांत मोठा तोही त्यांचाच. आणि मास्तरांच्या फोटोशेजारी ते जे फ्रेममधलं रंगीत फूल ठेवलंय, कॉम्प्युटरवरून छापलेलं, तेही त्यांनीच आणलंय. खाली अक्षरं आहेत, मागच्या लोकांना दिसत नसतील म्हणून वाचते. "मास्तरांचा हात अमर आहे." छान लिहिलंय.

नव्या लोकांना ठाऊक नसेल, हे विलासशेठ त्याच टेबलावर शिकलेत. माझ्या शेजारी बसायचे. लूमवरून आलेला, मिशा फुटलेला बाप्या होता, हातात पेन्सिल धरता यायची नाही. मास्तरांनी नऊ वर्षं शिकवलं. त्याला जेवायला घातलं, लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना त्याच्यासाठी शब्द दिला. आम्ही अरे-तुरे करायचो. मग तो विलासभाई झाला, मग विलासशेठ. मी गेली दोन वर्षं त्यांच्या ऑफिसात कामाला आहे आणि मी त्यांना "तुम्ही"च म्हणते. आजच्यापुरतं मी परत अरे-तुरेवर येते. विलास, रागावू नकोस. रागावलास तरी चालेल.

पर्वत पाटिया भागात त्यानं काचेचं ऑफिस घेतलं आणि कॉम्प्युटर आणले. सपाट पाटी आणि तिच्यावर चालवायचं पेन, असं ते आलं. पाटीवर पेन दाबलं की पडद्यावर रंग उमटतो. विलासनं मास्तरांना बघायला बोलावलं. मी सोबत होते. सगळ्यांना वाटलं, म्हातारा घाबरेल. मास्तरांनी चष्मा पुसला, पेन हातात घेतलं, दोन रेघा वाकड्या मारल्या, आणि म्हणाले, "हां. हे जरा गुळगुळीत आहे." मग बसले. मला वाटतं, चहा थंड व्हायच्या आत त्यांनी जास्वंद काढली. आमच्या टेबलावरची जास्वंद, तशीच, टोकाला कोरडी. पडद्यावर.

ऑफिसातली सगळी माणसं मागे येऊन उभी राहिली. आणि विलासनं पहिला प्रश्न काय विचारला?

"कयो ब्रश, मास्तर? कयो ब्रश?"

गुजरातीत विचारलं. मास्तरांशी. ज्या माणसाशी नऊ वर्षं अहिराणीत बोलला त्याच्याशी. कोणता ब्रश वापरला? त्या कॉम्प्युटरमध्ये ब्रशांची मोठी यादी असते ना, त्यातला कोणता? मास्तर म्हणाले, पहिलाच. गोल होता तो. विलासला पटेना. त्यानं स्वतः यादी उघडून तपासलं. पहिलाच होता, साधा गोल, जो कॉम्प्युटरबरोबर येतो, ज्याला कोणी हातही लावत नाही. मग विलासनं त्याच गोल ब्रशनं जास्वंद काढून पाहिली. मी ती पाहिली आहे. तिच्याबद्दल काही बोलत नाही.

त्यावर मास्तर त्याला सहज म्हणाले, "ब्रश काय करस? हात करस." टोमणा नव्हता तो. पण विलासच्या कानात ते गेलंच नाही. त्याच्या डोक्यात एकच शिरलं, की मास्तरांकडे काहीतरी वस्तू आहे आणि ती काढून घेता येते.

महिन्याभरानं तो नवागामात आला, पेढे घेऊन. म्हणाला, मास्तर, तुमचे फटकारे मला कागदावर काढून द्या. फूल नको, वेल नको, नुसते सुटे फटकारे. लांब, आखूड, जाड, बारीक. मी ते स्कॅनरनं कॉम्प्युटरमध्ये घेतो आणि एकेकाचा ब्रश बनवतो. मग कोणीही पेन टेकवलं की तुमचाच फटकारा उमटेल. तुमचा हात कायमचा राहील.

मास्तर नाही म्हणाले नाहीत. त्यांना कोणाला नाही म्हणता यायचं नाही, हे मावशींना विचारा. तो गेल्यावर मात्र त्यांनी टेबलावरचे ब्रश धुऊन ठेवले. मग म्हणाले, सुटा फटकारा कसा काढतात ते मला माहीत नाही. फूल काढताना तो येतो. कुठली पाकळी पुढे, कुठली मागे, वारा कुठून, हे मनात असतं तेव्हा मनगट वळतं. फूलच नसेल तर मी वळू कशासाठी?

बरोबर बोलले की नाही? ह्या हॉलमध्ये ज्यांनी ज्यांनी ब्रश धरलाय त्यांनी सांगावं.

आता जे सांगणार आहे ते मास्तरांनी मला सांगू नको म्हणून बजावलं होतं. त्यांचं मी आयुष्यभर ऐकलं. आज ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कोऱ्या कागदांची थप्पी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "तू काढ. तुले सराव व्हई."

मी म्हटलं, मास्तर, विलास ओळखेल. शेंडा बघूनच ओळखेल. माझा थेंब त्याला पाठ आहे, शेजारी बसून रोज त्यावरून त्यानं मला चिडवलंय. मास्तर म्हणाले, ओळखला तर चांगलंच. मग मी स्वतः बसेन आणि त्याला पाहिजे तेवढे काढून देईन. त्याला माझा हात ओळखता आला, एवढं मला पुरे आहे.

मी चार दिवस बसून ते कागद भरले. सगळे मी. एकही फटकारा मास्तरांचा नाही.

विलास, बस खाली. मला पुरं करू दे.

विलास न्यायला आला. मास्तरांनी कागद त्याच्या हातात दिले आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मी कोपऱ्यात रंगाच्या वाट्या धूत होते, तिरक्या डोळ्यानं बघत होते. विलासनं कागद मोजले. वरवर उलटून मोजले. एकाही कागदावर त्याची नजर थांबली नाही. मग मास्तरांच्या पाया पडला, म्हणाला, काय हात आहे मास्तर, आणि स्कूटरच्या डिकीत कागद घालून गेला.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. मावशी, तुम्ही मला विचारलं होतं ना, आज यांना काय झालंय? हे झालं होतं. मी तेव्हा खोटं सांगितलं, ऊन लागलं म्हणून. संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, "त्यानं पाहिलंच नाही." आणि मग म्हणाले, तू कुठे बोलू नकोस, चार लोकांत त्याची लाज जाईल. त्याची लाज. ज्यानं पंधरा दिवसांत ह्यांना शाल-नारळ देऊन सांगितलं, "मास्तर, हवे आराम करो, आता आराम करा, तुमचा हात आमच्याकडे आहे," त्याची लाज मास्तर जपत होते.

त्यानंतर मास्तरांना काम आलं नाही. भेस्तानच्या मिलवाले जे त्यांच्या दाराशी गाडी उभी करायचे, ते म्हणायला लागले, आता गरज नाही, मास्तर फ्लॉपीत मिळतात. असंच म्हणायचे, हसून. मास्तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर फुलं काढत घरी बसले. दम्यानं गेले असं डॉक्टरांनी लिहिलंय. मी डॉक्टर नाही, मी त्यात काही बोलत नाही. पण रिकाम्या हातानं बसलेला माणूस मी दोन वर्षं पाहिलाय.

मला विलासनं कामाला घेतलं ते छपाईसाठी डिझाइनमधला एकेक रंग वेगळा करायला. पहिल्याच दिवशी सांगितलं, शोभा, तू डिझाइनच्या भानगडीत पडू नकोस, तुला हात नाही. मी म्हटलं, बरं. आणि दोन वर्षं मी त्या ऑफिसात बसून बघतेय. यादीत सगळ्यांत वर ब्रश आहे, त्याचं नाव "निंबा मास्तर". पोरं तो घेतात, पेन टेकवतात आणि माझी पाकळी उमटते. थेंबासकट. एकाच जागी, एकाच मापाचा, प्रत्येक पाकळीला थेंब. वाईट ब्रश नाही तो, उगीच नावं ठेवत नाही. पानं पटापट होतात, काठ भरायला बरा आहे, मीही वापरते. पण पाकळीनं कुठे वळायचं हे त्याला कुठून कळणार? फुलं मेलेली दिसतात आणि विलास पोरांवर ओरडतो. "ब्रश मास्तरांचा आहे, तुम्हाला हात नाही." रोज ओरडतो. रोज मी मान खाली घालून हसले आहे. पाप असेल तर माझं आहे.

काय म्हणालास? पुरावा?

पुरावा फोटोशेजारी ठेवलाय, तूच आणलायस. गणपतभाऊ, तुम्ही मास्तरांकडे होतात. सुकदेव, तूही होतास. या पुढे. लांबून नको, जवळून बघा. पाकळीचं टोक बघा.

हं. काय आहे टोकाला? मोठ्यानं सांगा, मागे ऐकू जाऊ दे.

ऐकलंत? थेंब आहे.

हसू नका रे कोणी. शोकसभा आहे.

विलास, अजूनही शंका असेल तर आप्पांच्या टेबलावर शाई आहे आणि हा हॉल शाळेचा आहे, ब्रशाला तोटा नाही. तू ये, मी येते. दोघं मिळून सगळ्यांसमोर एकेक पाकळी काढू. तू नऊ वर्षांचा, मी सात वर्षांची. ये की.

नाही येत? बरं.

आता मी हे आजच का काढलं, ते सांगते. सूड म्हणून काढलं, हे तर आहेच, लपवत नाही. पण परवा विलास मावशींकडे एक कागद घेऊन आला होता. तो कागद आत्ताही त्याच्या खिशात आहे. त्याचे ब्रश दुसरे स्टुडिओवाले फ्लॉपी कॉपी करून वापरायला लागलेत, म्हणून त्याला मालकी पक्की करून हवी आहे. कागदात लिहिलंय, मास्तरांनी आपल्या हाताचे फटकारे राजीखुशीनं विलासच्या स्टुडिओला दिले, आता ते स्टुडिओचे, घरच्यांचा आणि इतर कोणाचा त्यावर काही हक्क नाही. मावशींनी त्यावर आज, ह्या सभेत, सगळ्यांदेखत अंगठा द्यायचा आहे. अंगठ्यानंतर मावशींना शाल. मास्तरांना दिली तशीच.

मावशी काल माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "शोभा, देऊ का अंगठा? तो म्हणस, मास्तरना हात त्यामा शे." मास्तरांचा हात त्यात आहे म्हणतो, नाही म्हटलं तर तो हात पुसून टाकेन म्हणतो. ही बाई रात्रभर झोपली नाही. नवरा एकदा गेला, आता तो मशीनमधूनही जाईल म्हणून.

मावशी, ऐका. सगळ्यांदेखत सांगते. मास्तरांचा हात त्यात नाही. कधीच नव्हता. त्याला पुसता येणार नाही आणि विकताही येणार नाही. मास्तरांचा हात मी दहा दिवसांपूर्वी तापीकाठी पाहिला. आप्पांनी तो उचलून छातीवर ठेवला आणि मग लाकडं रचली. बोटांना हिरवा रंग लागलेला होता, नखांत. तुम्ही आंघोळ घालताना चोळून काढला तरी थोडा राहिलाच होता. तो हात तिथं गेला. दुसरीकडे कुठेही शोधू नका, कोणी म्हणालं तरी.

आणि विलास, तुझ्या कागदाचं. तो मावशींपुढे धरू नकोस, त्या फटकाऱ्यांशी त्यांचा संबंध नाही. माझ्यापुढे धर. ते माझे आहेत. घाबरणाऱ्या मनगटाचे, ओल्या शेपटाचे, पण माझे. आणि मी देत नाही.

देत नाही, विलास. ऐकू आलं?

उद्या मी कामावर येणार नाही, तू येऊही देणार नाहीस. घरी सासू आहे, दोन मुली आहेत, त्यांचं मी बघेन. मला वाटत होतं, हे बोलून झालं की लाज वाटेल, मास्तर मना करून गेले तरी बोलले म्हणून. नाही वाटत. खूप बरं वाटतंय. मास्तरांना आवडलं नसतं. ते माझ्यापेक्षा चांगले होते, म्हणून तर आपण आज त्यांच्यासाठी जमलोय, माझ्यासाठी नाही.

आता सगळ्यांनी उभं राहा. आप्पा, तुम्ही बसूनच असा, गुडघे दुखतात तुमचे. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मास्तर काम करताना खोलीत बोललेलं त्यांना चालायचं नाही, तेवढी शांतता राखा.

विलास, तूही उभा राहा. आप्पांच्या हातातल्या यादीत माझ्यानंतर तुझं नाव आहे. ह्या दोन मिनिटांत ठरव, माइकपाशी येऊन कोणाच्या हाताबद्दल बोलणार आहेस ते.